सांडवा

बाबांनी बोर्डावर जोडलेला काचेचा तो मणी तांदळाच्या दाण्याएवढा होता. एका टोकाला काळी पट्टी, अंगावर मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं. पट्टी योग्य बाजूला होती. अक्षरं मात्र तिला वाचता येईनात. भिंग बाबांच्या कोपरापाशी पडलं होतं. त्यासाठी हात पुढे केला असता तर बाबांनी कारण विचारलं असतं.

एरवी बाबा जेवून आडवे झाले की ती त्यांनी जोडलेला प्रत्येक बोर्ड तपासायची, चुकलेलं काढून नवं बसवायची आणि काही झालंच नाही अशा थाटात चहा टाकायची. वर्षभर हेच चाललं होतं. आज रुग्णालयाचा तंत्रज्ञ जेवणाआधीच दारात हजर. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा बोर्ड त्याला हातोहात न्यायचा होता.

"हा झेनर डायोड," बाबा त्याला मणी दाखवत म्हणाले. "धरणाला सांडवा असतो ना, तसा. मागून व्होल्टेज कितीही चढू दे, पाचाच्या वरचं सगळं हा आपल्या अंगावर घेतो. पुढे जातात ते पाचच."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर पेटीला वाटणार, बाळ अजून गारच आहे. बसेल तापवत."

तंत्रज्ञ हसला. "काका, तुमचं काम म्हणजे डोळे झाकून घ्यावं."

"आमच्या बाईसाहेबांना ते पटायला हवं ना!" बाबा तिच्याकडे बोट दाखवत म्हणाले. "चालव गं मीटर. होऊन जाऊ दे यांची खात्री."

तिने व्होल्टेज चढवायचं बटण हळूहळू फिरवलं. मीटरचा काटा तीनवर आला, चारवर आला. पाचवर आला तेव्हा तिने बटण केसभर पुढे सरकवलं.

काटा सहावर गेला.

तिची नजर टेबलाच्या कडेला गेली. झेनरची डबी आणि साध्या डायोडची डबी, दोन्ही शेजारी शेजारी उघड्या. साधा डायोडही असाच दिसतो: तोच मणी, तीच पट्टी. फक्त तो काही अंगावर घेत नाही. तिने बटण आणखी फिरवलं. सात. आठ. काटा बटणामागून निमूटपणे चालला होता.

मीटरची पाठ तंत्रज्ञाकडे होती. त्याने पिशवीची चेन उघडली.

"थांबला ना पाचावर?" बाबांनी विचारलं.

ते वीतभर अंतरावरून थेट काट्याकडेच बघत होते.

'थांबला' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. वर्षभर तोच तर वापरला होता. तंत्रज्ञाने बोर्डासाठी हात पुढे केला, तसा तिने त्यावर आपला तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने बटण शून्यावर आणलं. मग बाबांच्या पुढ्यातली भाग जोडायची सोल्डरिंगची गन, तापलेली, अजून धुराची रेघ सोडणारी, स्टँडसकट उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली. बाबांचा हात सवयीने रिकाम्या जागेवर गेला, आणि तिथेच राहिला.

"नाही थांबला, बाबा," ती म्हणाली. "हा बोर्ड जाणार नाही. आणि आजपासून जोडणी मी करणार."