घरटी तीन मोळ्या

“चौथी मोळी परत ने, किनुयो,” शेजारच्या मोरोझुमीबाई म्हणाल्या. “घरटी तीन.”

“चौथी कुठली? तिसरीच सुटलीय.” किनुयो खाली बसली आणि काटक्या गोळा करून तिनं कागदी सुतळी पुन्हा आवळली.

बुधवारी कचऱ्याची गाडी छाटलेल्या फांद्या फुकट नेई. पण हातभर लांबीच्या, नीट बांधलेल्या आणि घरटी तीनच मोळ्या. किनुयोच्या घराभोवतीचं इचीइच्या झुडपांचं कुंपण नवरा गेल्यापासून कुणी छाटलं नव्हतं. ते डोक्यावर गेलं होतं, आत चिमण्यांचं अख्खं गाव नांदत होतं. तीन मोळ्या गेल्या तरी कुंपणाला पत्ता लागत नसे. या टोकाची छाटावी, तर त्या टोकाला कोवळी पालवी हसत उभी.

“टेम्पो का नाही बोलावत? एका फेरीत मोकळी होशील.”

“टेम्पोवाला मागतो तेवढ्यात माझे महिन्याचे तांदूळ येतात. गाडी फुकट नेतेय ना? नेऊ दे हळूहळू.”

मोरोझुमीबाई गालातल्या गालात हसल्या. गल्लीला सगळं ठाऊक होतं. किनुयोचा मुलगा शिगेकी कोफू शहरात राहायचा. आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, असं तो नववर्षापासून तिच्या मागे लागला होता. मे महिन्यात किनुयोनं त्याला सांगून टाकलं, “कुंपण छाटून झालं की येते. तुझ्या बाबांनी लावलेलं, असं रान माजलेलं टाकून कशी येऊ?” म्हणजे शेवटची मोळी ज्या दिवशी गाडीत पडेल, त्या दिवशी घराला कुलूप.

“म्हातारीला जायचंच नाहीये,” गल्ली म्हणे.

शिगेकी एक रविवार सोडून येई. पूर्वी मोटारीनं यायचा, आता आगगाडीनं. तो छाटायचा, ती बांधायची. दुपारी वांगी घातलेलं मिसोचं सार आणि भात. तो वाडगं पुन्हा पुन्हा पुढं करायचा.

“रिसा नाही आली?” ती सुनेची चौकशी करी.

“तिला रविवारीही काम असतं गं.”

“असू दे. अजून घे. तुला काय, लहानपणापासून पोटात विहीरच आहे.”

निघताना तो विचारी, “आई, सांगू का टेम्पोला?”

“उगाच पैसे घालवू नकोस.”

“बरं,” तो म्हणे. दुसऱ्यांदा विचारत नसे.

झाडांवर पर्सिमनची केशरी फळं पिकली. डोंगरमाथे पांढुरके झाले. मोरोझुमीबाईंच्या जिवाला घोर लागला. गेल्या हिवाळ्यात बर्फात घसरून किनुयो अंगणात पडली होती आणि त्यांनाच सापडली होती. आणखी एक हिवाळा तिनं एकटीनं काढावा, हे त्यांना बघवणारं नव्हतं. त्या घरोघर फिरल्या. सोमवारी गल्ली कात्र्या घेऊन किनुयोच्या अंगणात उतरली. बुधवारी प्रत्येक घरानं आपल्या वाटणीच्या तीन मोळ्या म्हणून किनुयोचीच छाटण मांडली. गाडीनं मुकाट्यानं सगळी उचलली.

कुंपण कमरेएवढं झालं. पलीकडचं तळं दिसू लागलं.

किनुयोनं कापलेल्या टोकांवरून हात फिरवला. “एवढी घाई कशाला केलीत?”

“तुझ्या भरवशावर राहिलो असतो, तर कुंपणाआधी तूच आटोपली असतीस!”

रविवारी शिगेकी आला. मोरोझुमीबाई फाटकातच उभ्या होत्या.

“बघ रे! एक काटकी शिल्लक नाही. आता आईला घेऊनच जा.”

शिगेकीनं कुंपणाकडं पाहिलं. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा त्यानं घट्ट धरला.

“हो… नेतो ना. म्हणजे, खोली जरा… रिसाशी एकदा…”

“मी नाही येणार,” किनुयो म्हणाली.

“अगं, शब्द दिला होतास तू पोराला!” मोरोझुमीबाई उसळल्या.

“दिला होता. आता फिरवते. शहरात माझा जीव नाही रमायचा.” मग ती मुलाकडं वळली. “आणि तू काय रे, दर वेळी कात्री टाकून शेवटच्या गाडीला पळतोस? राहा इथंच. वसंतात हे पुन्हा फुटेल, तेव्हा मोळ्या काय मी एकटीनं बांधायच्या?”

शिगेकी उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याला फार वेळ लागला. मान वर न करताच तो म्हणाला, “राहीन.”

मोरोझुमीबाईंनी कपाळावर हात मारला. “मुलखाची हट्टी बाई! घर सोडायचं नव्हतं तर आधी सांगायचंस. अख्खी गल्ली राबवलीस!”

“चुकलंच माझं,” किनुयो म्हणाली आणि दोघांचे तांदूळ धुवायला आत गेली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, मुलाला कुंपणाचा शब्द देण्याच्या महिनाभर आधी, चेरी फुलल्या होत्या तेव्हा, घराला कुलूप लावून, कपड्यांची बॅग घेऊन, न कळवता ती कोफूला कायमची राहायला म्हणून गेली होती. शिगेकीच्या दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी होती.