डब्यातलं पिवळं केळं

तेजस्विनीनं डब्याचं झाकण उघडलं. हिरव्यागार केळ्यांच्या मधोमध एक वेलची केळं बसलं होतं. पिवळंधमक, वर काळे ठिपके पडलेलं.

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. मागची पोरं खिदळली, "पिकलं गं पिकलं!"

घोडेगावच्या या विज्ञान प्रदर्शनातून एकच प्रयोग पुण्याला जाणार होता. तिनं एकाच घडातली केळी दोन डब्यांत बंद करून ठेवली होती. एका डब्यात विटेचे तुकडे होते, विहिरीत टाकतात त्या जांभळ्या परमँगनेटमध्ये भिजवलेले. दुसऱ्यात नुसती केळी. ती कधीच पिवळी झाली होती.

आत्ताच तर ती खणखणीत आवाजात सांगत होती, "केळं पिकताना इथिलीन वायू सोडतं, आणि तोच वायू बाकीच्यांनाही पिकवतो. त्यातले दोन कार्बन फुगडीतल्या पोरींसारखे दोन्ही हातांनी एकमेकांना धरून असतात. परमँगनेट नेमकं त्या दुहेरी पकडीवर झडप घालतं. वायू मोडला, की पिकणं लांबतं. केळ्याला ते शिवतसुद्धा नाही. स्वतः मात्र जांभळ्याचं तपकिरी होतं."

आता तिचा आवाज रडवेला झाला. "बाई, हे केळं माझं नाही."

"मग कुणाचं?"

गर्दीतून तिची आत्या कोंडाबाई पुढं आली. "म्याच ठिवलं बाई ते. त्या डब्यातली समदी पिकली, अन् ह्यातली तशीच कच्ची. म्हणलं, चार लोकांत पोरीची फजिती व्हईल. आमी आंब्याची अढी घालताना एक पिकलेलं फळ मधी सारतो. मंग बाकीची झटक्यात पिकत्यात."

"आत्या, अगं ती पिकायचीच नव्हती!" तेजस्विनीनं डोळ्यांना ओढणी लावली.

"मला काय ठावं, बया? केळी पिकू नयेत म्हणून कोण शाळा शिकतं व्हय?"

पोरं पुन्हा हसली. परीक्षक बाई हसल्या नाहीत. "कधी ठेवलंत?"

"सोमवारी, गाडीतनं उतरून हिच्या घरी आले तवा."

आज शुक्रवार होता. बाईंनी विटेचा एक तुकडा मोडून पाहिला. तो आतपर्यंत तपकिरी झाला होता. मग एकेक हिरवं केळं हातात घेऊन त्यांनी दाबलं. सगळी दगडासारखी टणक.

"तेजस्विनी, मला एक शंका होती. घड एकच असला, तरी ही केळी खालच्या फण्यांतली, जास्त कोवळी असतील, म्हणून हिरवी राहिली असतील. तुझ्या दोन डब्यांतून ती फिटत नव्हती." त्यांनी ते ठिपक्यांचं केळं उचललं. "पण हे इतके दिवस यांच्या अंगाला लागून वायू सोडत होतं, तरी एकही पिकलं नाही. प्रयोगाची याहून कडक परीक्षा मलाही सुचली नसती."

मग त्या कोंडाबाईकडं वळल्या आणि पेन उघडलं.

"आत्या, पुण्याला जाणाऱ्या प्रयोगाच्या कार्डावर दोन नावं लागतील. तुमचं पूर्ण नाव सांगा."