वाढत्या अंगाचं

"हाच नंबर द्या," म्हणत कानिफनाथनं पिशवीतून जुनं जॅकेट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "मापाला आणलंय."

नारिंगी जॅकेट. पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ते. रंग विटलेला, पुढची तिन्ही बक्कलं लावलेली. दुकानदार सुहासनं ते उचललं, आतला नंबर वाचला आणि कानिफनाथशेजारी उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या लेकीकडे, दिशाकडे बघितलं. पोरगी अकरा वर्षांची, काडीसारखी.

"हा हिला मोठा होईल, काका."

"हुऊ द्या की. वाढतं अंग हाय. थोरलीलाबी ह्याच वयात हाच घेतला हुता."

वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही त्यांच्या घरातली रीतच. शाळेचा ड्रेस, चप्पल, स्वेटर, सगळं दोन वर्षं पुढचं. बाह्या दुमडायच्या, चपलेत कापूस कोंबायचा, पोर आपसूक त्यात मावतं. कानिफनाथ स्वतः असाच वाढला होता. त्यात काही वावगं आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

थोरली म्हणजे ज्ञानेश्वरी. राहुरीच्या पुढं, मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून यांचं घर. उभं राहून वल्हवायच्या चार फळ्या कानिफनाथनं आणल्या होत्या. रविवारी नगर-पुण्याची माणसं यायची, फळीवर उभी राहायची आणि धपाधप पाण्यात पडायची. ज्ञानेश्वरी पडायची नाही. त्यांना शिकवायला तीच पुढं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी वारं सुटलं आणि फळी उलटली. जॅकेट तासाभरात काठाला लागलं. ज्ञानेश्वरी दुसऱ्या दिवशी सापडली.

जॅकेट तिनंच काढलं, असं सगळ्यांनी तिथंच ठरवून टाकलं. ठरवायला काय लागतं? टोचतंय, वर सरकतंय, कानाला लागतंय, म्हणून ती रोज कुरकुरायची, हे अख्ख्या गावानं ऐकलं होतं. कानिफनाथही दहाव्याला चारचौघांत म्हणाला, "लाखदा सांगितलं, काढू नगं. ऐकंल तर शपथ."

तेव्हापासून त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. फोटोला हार घालायची ती तिची आई, मुक्ताबाई. हा त्या भिंतीकडे बघायचाही नाही. गेलेल्या लेकरावर कसला राग धरायचा, असं लोक म्हणायचे. पण राग होता, आणि चांगला भरभक्कम होता. एक गोष्ट सांगितली होती पोरीला. एकच. तेवढी तिनं ऐकली असती, तर ती आज तेरा वर्षांची असती.

दिशानं दिवाळीपासून फळीचा ध्यास घेतला होता. पाण्याच्या काठावर राहणारी पोर, तिला किती दिवस कोंडणार? शेवटी मुक्ताबाईनं तिला देवापुढं उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली: जॅकेट काढणार नाही, ताईसारखं करणार नाही. आज सकाळी मुक्ताबाईनंच पेटीतून जुनं जॅकेट काढून दिलं होतं. काठावरून आणलं, तसंच तिनं ते पेटीत ठेवलं होतं. दोन वर्षं ना धुतलं, ना कुणाला हात लावू दिला.

सुहास बक्कल दाबत होता. ते हलेना. फटीत गाळ बसून घट्ट झालं होतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "नुसतं माप तर बघायचंय." त्यानं ते जॅकेट बंद होतं तसंच, झबलं घालावं तसं, दिशाच्या डोक्यातून खाली सोडलं. ते आरामात अंगात गेलं.

"हात वर कर, बाळ."

दिशानं हात वर केले. सुहासनं खांद्यांना धरून जॅकेट जरासं उचललं. ते हनुवटीशी आलं, कानांवरून गेलं आणि अलगद डोक्यातून निघून त्याच्या हातात राहिलं.

"बघा, काका. बक्कल न उघडता अंगात गेलं, न उघडता निघालं. पाण्यात ते असंच वर येतं आणि अंगातून सुटतं. हे वाढत्या अंगाचं घेत नाहीत. आजच्या अंगाचं घेतात." आणि जॅकेट काउंटरवर ठेवून तो लहान नंबर आणायला आत गेला.

कानिफनाथनं जॅकेट ओढून घेतलं. पहिलं बक्कल नखानं खरवडलं. वाळलेला गाळ काउंटरवर सांडला. दुसरं खरवडलं. तिसरं. तिन्ही लावलेली.

"ही बक्कलं कुनी लावली?" त्यानं विचारलं. "तुज्या आईनं?"

"न्हाई," दिशा म्हणाली. "काठावर घावलं तवाच लावल्याली हुती. मी हुते की तिथं."

तोही होता तिथं. पण तेव्हा त्यानं जॅकेटकडे बघितलंच नव्हतं, आणि नंतर दोन वर्षं रागानं बघितलं नव्हतं. तो तिथल्याच स्टुलावर बसला, जॅकेट मांडीवर धरून.

सुहास निळं, लहान जॅकेट घेऊन आला. त्यानं ते दिशाला घातलं, पट्टे आवळले, खांद्यांना धरून वर ओढलं. ते जागचं हललं नाही. "टोचतंय का गं?" त्यानं विचारलं. दिशानं नाही म्हणून मान हलवली. तिचं लक्ष अप्पांच्या मांडीवर होतं.

ती बराच वेळ त्या तीन बक्कलांकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, म्हंजी ताईनं तुमचं ऐकलं हुतं."