दडवलेला चष्मा

सुनेचा चष्मा दडवला की नागम्माचे दोन फायदे व्हायचे. महेश्वरीला लांबचं दिसत नसल्यानं एसटीची पाटी वाचता यायची नाही, म्हणजे माहेर हुकायचं; आणि जवळचं दिसत असल्यानं पुरणपोळ्या मात्र झकास लाटता यायच्या. तिनं डोळ्यांच्या लेसरचा विषय काढला की सासू म्हणायची, “कशाला गं? चष्मा लई शोभतो तुला!”

नागम्माच्या लेकीच्या सासरचे वीसजण जेवायला येणार, त्या सकाळी चष्मा पुन्हा गायब झाला. महेश्वरी डोळे बारीक करत परसात गेली.

तासाभरानं तिचा एसटीतून फोन आला. “आत्याबाई, चष्मा ठेवा तुमच्याजवळच. साध्या काचा हायत. लेसर पंचमीला माहेरी गेले तवाच करून आले.”


वीस पाहुण्यांच्या पोळ्या त्या दिवशी एकट्या नागम्मानं लाटल्या.