कोवळं ऊन

पहाटे सूर्याला पाणी द्यायला नाल्यावर गेलेल्या गुणवंतरावांना वाघानं नेलं. तेव्हापासून त्यांचा मुलगा प्रफुल दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशाशी ठेवायचा. आईला, रंभाला, राखायचं म्हणून त्यानं कामावर जाणंही सोडलं होतं.

रंभाची हाडं ठणकायची. डॉक्टरांनी तिला रोज कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं होतं. शिवाय नवऱ्याचं सूर्याला पाणी देणं आता तिलाच चालवायचं होतं.

“वाघ तं कवाचाच पकडला, बाबू. समदे वावरात जाऊन राह्यले. तू मले काऊन कोंडून ठेवतं?”

“दुसरा असन,” तो एवढंच म्हणायचा.

एका सकाळी तो झोपेत असताना तिनं किल्ली घेतली, तांब्या भरला आणि हळूच दार उघडलं. अंगणभर ऊन पसरलं होतं. तिनं एक पाय बाहेर टाकला, तोच मागून कुणीतरी पदर धरला. तिशीतला प्रफुल उंबऱ्याच्या आत उकिडवा बसला होता.

“मले घरात एकट्याले सोडून नको जाऊ वं, माय.”

रंभानं उन्हात टाकलेला पाय मागं घेतला.