सोनाराची फुंकणी

“छातीनं हवा ओढत असशील, म्हणून फुटतंय. गालांनी ओढ. आम्ही फुंकणीसुद्धा गालांनीच फुंकतो,” सोनारकाम करणारे बाबा लेकीला फोनवर म्हणाले.

काचेच्या बारीक नळीतून तोंडानं हवा ओढून उंदराच्या मेंदूतली पेशी टोकाला चिकटवायची, एवढंच काम. पण तीन महिने पेशी फुटतच होत्या. प्रयोगशाळेतल्या सरांनी तर तिला नाद सोड म्हणून सांगितलं होतं.

आज तिनं नुसते गाल आत घेतले. पेशी तगली. पेशी एकमेकींशी ज्यानं बोलतात ते ग्लुटामेट रसायन तिनं सोडलं, आणि पेशीतला विद्युतप्रवाह दाखवणारी पडद्यावरची सरळ रेघ खाडकन खाली झेपावली. पेशीनं ऐकलं होतं!

सर खुर्ची ओढून बसले. “पुन्हा कर.”

तिनं सलग नऊदा केलं.

“कुठल्या लॅबमध्ये शिकलीस हे?”

“बाबांच्या शेगडीपाशी, सर,” ती ताठ मानेनं म्हणाली.