जबाबदार इसमाची सही

“यावर सही कुणाची?” आप्पांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताईंच्या हातात परत ठेवला.

ताईंचं म्हणणं साधं होतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून इमारतीतली पाण्याची सगळी पिंपं दर आठवड्याला रिकामी करून घासायची. गेल्या महिन्यात त्यांची लेक तापानं फणफणली होती. पुन्हा ती धास्ती त्यांना नको होती. पण आप्पा इमारतीचे अध्यक्ष, आणि सगळा जन्म गेलेला हेडक्लार्कीत. वर्तमानपत्राचं कात्रण, मोबाईलवरची माहिती, दवाखान्यातला हा तक्ता, सगळं त्यांनी एकाच मुद्द्यावर फेटाळलं. सही नाही म्हणजे कुणी जबाबदार नाही. खात्रीची माहिती मीच काढतो म्हणाले, आणि पिंपातलं वळवळतं पाणी बरणीत भरून आपल्याच खिडकीत ठेवलं.

आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, बरणीवर फडकं बांधायचं सुचवलं. प्रयोगात ढवळाढवळ नको, असं त्यांना ऐकवण्यात आलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसायचं हे काकूंना चांगलं कळत होतं.

आप्पा रोज सकाळी भिंग लावून अळ्या मोजायचे आणि वहीत नोंद करून खाली झोकदार सही ठोकायचे. चौथ्या दिवशी अळ्यांचे स्वल्पविरामासारखे वाकडे कोष झाले. आठव्या दिवशी बरणीत नुसती सालपटं उरली. आप्पांची कळी खुलली.

तीन दिवसांनी त्यांच्याच खोलीत सभा भरली. कुणी पोटऱ्या खाजवत होतं, कुणी कानाशी हात झटकत होतं. आप्पांनी खणखणीत आवाजात अहवाल वाचला. अळ्या विरघळल्या, डास एकही झाला नाही, सबब पिंपं रिकामी करण्याचं कारण नाही. नर्सताईंचा चेहरा पडला. आप्पांनी सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात रक्त पिऊन टुम्म झालेला एक डास वहीवर येऊन बसला. आप्पांचा हात आपोआप उठला. फट्!

हात उचलला, तर बरोबर सहीच्या जागी लालभडक ठिपका. सगळी सभा हसत सुटली, आणि सगळ्यात मोठ्यानं काकू.

आप्पांनी भिंग लावून ठिपका तपासला. मग त्यांनी अख्ख्या अहवालावर काट मारली आणि पेनाला टोपण लावलं.

“ताई, दर आठवड्याला पिंपं रिकामी करायची,” ते म्हणाले. “जबाबदार इसमाची सही आली आहे.”